समुद्राचं पाणी घरी कालवताना

देवळाली कॅम्प आणि आसपासच्या गावांतल्या गटांमधल्या सगळ्या ताया, मावश्या आणि वहिनींनो, आजचा विषय ऐकून जरा नवल वाटेल. आज आपण बोलणार आहोत समुद्री माशांच्या काचेच्या टाकीबद्दल. त्यातही माशांबद्दल कमी आणि त्या टाकीतल्या खाऱ्या पाण्याबद्दल जास्त.

हा विषय घ्यायचं कारण सांगतो. आपल्याकडे हॉटेलं आहेत, सॅनेटोरियमं आहेत, मोठे बंगले आहेत, नाशिकमध्ये दवाखाने आणि शोरूम आहेत. अशा ठिकाणी रंगीत माशांच्या टाक्या ठेवायची हौस वाढली आहे. या टाक्यांची देखभाल करायचं काम गटाला मिळेल का, किंवा गटानं स्वतः मासे वाढवून विकावेत का, असं काही गटांनी आम्हाला विचारलं. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, गोल्डफिश बऱ्याच जणींना माहीत आहेत. पण नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो क्लाउन फिश, मुलं ज्याला नेमो म्हणतात, तो समुद्रातला. त्याला खारं पाणी लागतं. मग बैठकीत हमखास एक वाक्य येतं, "पाण्यात मीठ घालायचं, त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही आहे. गटाचं अंतर्गत कर्ज काढून टाकी घ्यायची, महागडे मासे आणायचे आणि आठवड्यात ते मरायचे, असं झालं तर हप्ता तर चुकत नाही. मासे मरण्याचं कारण पुष्कळदा मासा खराब असणं हे नसतं, पाणी घाईनं केलेलं असतं. म्हणून आज एकच गोष्ट मनाशी पक्की करू या. आधी पाणी तयार करायचं, ते मोजून सिद्ध करायचं, आणि मासा सगळ्यात शेवटी आणायचा.

समुद्र आपल्यापासून लांब आहे

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. ते समुद्राच्या अगदी काठावर बांधलेलं, खारं पाणी दारातच. आपलं तसं नाही. समुद्र आपल्यासाठी घाटाखाली, पश्चिमेला. आणि आपली दारणा तर उलट पूर्वेला वाहते, गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी थेट बंगालच्या उपसागराला जातं. समुद्राचं पाणी ड्रममध्ये भरून घाट चढवून आणायचं म्हटलं तर एका लिटरला किलोभर वजन. शिवाय शहराजवळच्या किनाऱ्याचं पाणी स्वच्छ असेलच असं नाही, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यानं ते पातळ होतं. म्हणून आपल्याला समुद्राचं पाणी घरीच कालवावं लागतं.

हे जमतं, कारण समुद्राची एक गंमत आहे. १८७२ ते १८७६ या काळात इंग्लंडचं चॅलेंजर नावाचं जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्यावर गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ डिटमार यांनी तपासले. खारटपणा कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. पण मोठ्या समुद्रात कुठेही गेलं तरी त्या क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ सारखंच. आपल्या घरच्या गोडा मसाल्यासारखं समजा. आमटीत एक चमचा घाला नाहीतर दोन, मसाल्यातलं धने-खोबऱ्याचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. हे प्रमाण ठरलेलं असल्यामुळेच कारखान्यात समुद्री क्षारांची पूड तयार करता येते.

स्वयंपाकाचं मीठ का चालत नाही?

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यातला सुमारे ८५ टक्के भाग आपल्या खायच्या मिठाचाच, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. उरलेल्या १५ टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर अनेक गोष्टी थोड्या थोड्या असतात. हा थोडा भागच फार महत्त्वाचा. शिंपल्याचं कवच, कोळंबीची कात, पाण्याचा आम्ल-अल्क तोल, हे सगळं त्यावर चालतं. नुसतं मीठ घातलेलं पाणी जिभेला समुद्रासारखं लागेल, पण माशाच्या शरीराला ते अर्धवट जेवण आहे. शिवाय पुडीतल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून वेगळे पदार्थ मिसळलेले असतात. म्हणून खायचं मीठ नको, जाडं मीठ नको, सैंधवही नको. दुकानात "मरीन सॉल्ट मिक्स" म्हणून जे मिळतं तेच घ्यायचं.

मिठाचा अंदाज चुकला तर माशाचं नेमकं काय होतं, हे आपल्याला लोणच्यावरून कळेल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त, आत कमी, म्हणून आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. समुद्रातल्या माशाच्या अंगातूनही असंच पाणी सतत बाहेर जात असतं. ते भरून काढायला तो खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हे काम तो जन्मभर करतो, पण ठरावीक खारटपणाला त्याचं शरीर बसलेलं असतं. आपण आज ३० आणि उद्या ३८ असं पाणी दिलं, तर सगळी ताकद तो तोल सांभाळण्यातच जाते. मग तो खात नाही, रोगाला बळी पडतो.

पाणी कोणतं घ्यायचं?

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. ते आपल्याला सोसतं, माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही. बोअरच्या पाण्यात दगडातले क्षार असतात, आणि शेताजवळच्या विहिरीत खतांचा नायट्रेट उतरलेला असू शकतो. म्हणून या कामाला आरओचं पाणी सगळ्यात बरं. पण घरातल्या प्यायच्या आरओत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले किंवा परत मिसळलेले असतात. पाणी घेण्याआधी टीडीएस मीटरनं मोजा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं, दहाच्या आत असेल तर उत्तम. आरओमधून वाया जाणारं पाणी फेकू नका, लादी पुसायला आणि भांडी विसळायला वापरा.

आता भांड्याचं. ही गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या बायकांनी दोनदा ऐकावी. द्राक्षबागेच्या फवारणीचा ड्रम, बादली, मोजमाप, ढवळायची काठी, काहीही या कामाला घेऊ नका. धुऊन घेतलं तरी नाही. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, मोरचूद म्हणजे तांबं. तांब्याचा अगदी थोडा अंश कोळंबी, शिंपले आणि इतर नाजूक समुद्री जीवांना मारायला पुरतो. त्याच कारणानं तांब्याचा हंडा, पितळेचं घंगाळ, कळशी हेही नको. खाद्यपदार्थांसाठीचा नवा प्लास्टिकचा ड्रम घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरांत "फक्त टाकीसाठी" असं लिहून ठेवा. साबणानं धुऊ नका, नुसत्या पाण्यानं विसळा.

किती पाणी, किती पूड?

हिशोब सोपा आहे. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घ्या, गुणाकार करा, आणि येईल त्या आकड्याला २८.३ नं गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी असेल तर ३ गुणिले १.५ गुणिले १.५ म्हणजे ६.७५. त्याला २८.३ नं गुणलं की साधारण १९१ लिटर.

पण ही टाकी काठोकाठ भरत नाही. वर थोडी जागा सोडतो, आत वाळू आणि दगड असतात, त्यांनी जागा घेतलेली असते. म्हणजे प्रत्यक्षात पाणी मावतं साधारण १५० लिटर. पुष्कळ जणी १९१ लिटरची पूड घालून बसतात आणि पाणी फार खारट होतं. म्हणून पाणी आधी बादलीनं मोजून ड्रममध्ये घ्या आणि तिथेच कालवा.

पूड साधारण लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागते. ३५ का नाही, तर पुडीत थोडा ओलावा धरलेला असतो. प्रत्येक कंपनीचं प्रमाण जरा वेगळं, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. ३७ ग्रॅम धरलं तर १५० लिटरला साडेपाच किलो पूड. वाटीनं, मुठीनं घ्यायची नाही. काट्यावर वजन करून घ्यायची. पिशवी उघडण्याआधी ती आडवी करून चार वेळा लोळवा, कारण वाहतुकीत बारीक कण तळाला आणि जाड कण वर जमतात. उरलेली पूड पावसाळ्यात दमट होऊन गोळे होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

कालवायचा क्रम

बोर्डो मिश्रण करणाऱ्या बायकांना क्रमाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवतात, मग एकत्र करतात. क्रम चुकला की मिश्रण फाटतं. इथेही तसंच आहे.

पहिलं, ड्रममध्ये आधी पाणी भरायचं. त्यात पाणी फिरवणारा छोटा पंप सोडायचा. थंडीत हीटर लावून पाणी २५ ते २६ अंशांवर आणायचं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडचं नळाचं पाणी बर्फासारखं असतं, त्यात क्षार नीट विरघळत नाहीत आणि माप घ्यायला गेलं तर तेही चुकतं.

दुसरं, पंप चालू असताना पूड थोडी थोडी सोडायची. एक वाडगा घातला, तो विरघळला की पुढचा. पाण्यात पूड घालायची, पुडीवर पाणी कधीही ओतायचं नाही. पुडीवर पाणी ओतलं तर सुरुवातीला त्या थोड्या पाण्यात सगळे क्षार फार दाट होतात. मग कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि चुन्यासारखी पांढरी पूड तळाला बसते. ती पुन्हा विरघळत नाही. पाणी दुधाळ दिसतं, आणि माशांना हवा असलेला कॅल्शियम तळाशी वाया जातो.

तिसरं, पंप चोवीस तास चालू ठेवायचा. पाणी निवळशंख झालं पाहिजे. काही कंपन्यांची पूड लवकर वापरायची असते, त्यामुळे पाकिटावर वेळ दिली असेल तर ती पाळा. ड्रम झाकून ठेवा, पण हवा आत जाऊ द्या.

चौथं, मोजायचं. बरोबर आलं तरच टाकीत सोडायचं. टाकीत अजून काहीच जिवंत नसेल तर पहिल्या वेळी टाकीतच कालवता येतं. पण एकदा मासा आला की टाकीत कोरडी पूड घालायची नाही, कधीच नाही. माशाच्या अंगावर किंवा कल्ल्यावर पुडीचा कण बसला तर तो भाजतो.

मोजायचं कसं?

भातशेती करणाऱ्या इगतपुरीकडच्या मैत्रिणींना ही गोष्ट लगेच कळेल. भाताच्या बियाण्याला आपण तीन टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करतो. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले खाली बसतात. समुद्राचं पाणी त्याच्या जवळचंच, दहा लिटरला साधारण ३५० ग्रॅम क्षार. मीठ वाढलं की पाणी जड होतं आणि वस्तू जास्त वर तरंगते. हीच मोजण्याची युक्ती आहे. दूध संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटरही याच तत्त्वावर चालतो.

खाऱ्या पाण्याचा असाच तरंगता काटा मिळतो, त्याला हायड्रोमीटर म्हणतात. त्यावर १.०२५ ते १.०२६ च्या आसपास आकडा यायला हवा. काट्यावर बुडबुडा चिकटला किंवा पाणी जास्त गार-गरम असलं की आकडा फसवतो. त्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटर बरा. त्याच्या काचेवर दोन थेंब पाणी टाकायचं, उजेडाकडे धरून पाहायचं. आकडा ३५ यायला हवा. पण हे यंत्रही अधूनमधून तपासावं लागतं. त्यासाठी बरोबर ३५ खारटपणाचं प्रमाणित पाणी छोट्या बाटलीत विकत मिळतं. वजनकाट्याला जसं आपण प्रमाणित वजन लावून पाहतो, तसंच हे.

एक प्रश्न नेहमी येतो, अंडं टाकून पाहिलं तर? नाही चालत. ताजं अंडं समुद्राच्या पाण्यातही बुडतं. ते तरंगेपर्यंत मीठ घातलं तर पाणी समुद्राच्या काही पट खारट होईल.

आकडा चुकला तर घाबरायचं नाही, हिशोब करायचा. समजा १०० लिटर पाणी आहे आणि आकडा ३२ आला. लिटरला तीन ग्रॅम कमी, म्हणजे ३०० ग्रॅमच्या थोडी वर पूड आणखी लागेल. आकडा ३८ आला असेल तर साधारण ८ लिटर खारं पाणी काढून तेवढंच साधं आरओचं पाणी घाला. पंप चालू ठेवा आणि काही तासांनी परत मोजा.

पाणी झालं, तरी मासा अजून नाही

इथे बहुतेक जणींचा धीर सुटतो. टाकी भरली, पाणी निवळलं, दिवा लावला, सुंदर दिसतंय. दुकानदार म्हणतो, आज टाकी घ्या, उद्या मासे न्या. पण ते पाणी अजून कच्चं असतं.

मासा खातो आणि विष्ठा टाकतो, त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया विषारी. समुद्रात ते विष खाणारे जीवाणू जागोजाग असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइट हेही विषच, नायट्रेट त्यामानानं पुष्कळ सौम्य. नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. ते वाळूवर, दगडावर, गाळणीत हळूहळू वाढतात. दुधाला विरजण लावलं तरी लगेच दही होत नाही, आणि थंडीत तर आणखी उशीर लागतो. तसंच हे. चार ते सहा आठवडे लागतात.

या काळात टाकीत मासा नसताना माशाचं खाद्य चिमूटभर रोज टाकतात, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना खाणं मिळतं. तपासणीच्या किटनं अमोनिया आणि नायट्राइट बघत राहायचं. दोन्ही आधी वाढतात, मग उतरतात. खाद्य टाकत असतानाही दोन्ही शून्य येऊ लागले, म्हणजे विरजण लागलं. मग थोडं पाणी बदलायचं, आणि तेव्हा पहिला मासा आणायचा. एकच किंवा जोडी.

आणलेल्या माशाची पिशवी आधी वीसेक मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं. मग मासा छोट्या भांड्यात घेऊन टाकीचं पाणी बारीक नळीनं थेंब-थेंब त्यात सोडायचं, अर्धा-पाऊण तास. नंतर जाळीनं फक्त मासा टाकीत सोडायचा, पिशवीतलं पाणी ओतायचं नाही.

गटासाठी याचा अर्थ सरळ आहे. कर्ज घेतलं त्या महिन्यात या धंद्यातून एक रुपयाही येणार नाही. हप्ता ठरवताना हे दोन महिने आधीच धरून चाला.

रोजचं पाणी आणि आठवड्याचं पाणी

आमटी उकळत ठेवली आणि आटली की खारट लागते, कारण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. टाकीचंही तेच. मार्च ते मे आपल्याकडची हवा कोरडी असते, पाणी भराभर कमी होतं. १५० लिटरमधून सहा लिटर उडालं तर खारटपणा ३५ वरून साडेछत्तीसवर जातो. म्हणून टाकीच्या काचेला बाहेरून पट्टीची खूण करा आणि रोज त्या खुणेपर्यंत साधं आरओचं पाणी घाला. उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी कधीच घालायचं नाही.

खारं पाणी लागतं ते पाणी बदलताना. आठवड्याला साधारण दहा टक्के पाणी काढायचं, तेवढंच नवं कालवलेलं, मोजलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी घालायचं. काढलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत, परसात किंवा शेतात ओतू नका, मिठानं माती खराब होते. ते मोरीत सोडा आणि वरून साधं पाणी ओता.

यासाठी बचत गटाच्या हिशोबवहीसारखी एक पाण्याची वही ठेवा. तारीख, किती लिटर पाणी, किती ग्रॅम पूड, तापमान, खारटपणा, कोणी मोजलं, तिची सही. चार जणी आलटून पालटून काम करतात तेव्हा ही वहीच भांडण टाळते आणि ग्राहकाला विश्वासही देते.

विजेचं दोनदा सांगतो. खारं पाणी वीज वाहून नेतं. हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. वायर टाकीतून सरळ प्लगकडे जाऊ देऊ नका, तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी खाली गळेल, प्लगमध्ये जाणार नाही. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय हे काम सुरू करू नका. आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवा. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो, त्यात पंप बंद पडला तर मासे गुदमरतात.

काय घ्यायचं नाही

जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. समुद्रातून काढलेलं प्रवाळ किंवा समुद्रघोडा कोणी स्वस्तात देतो म्हणालं, तर गटाच्या नावावर गुन्हा येईल. टाकीत सजावटीला कोरडे दगड किंवा कृत्रिम दगड वापरा. मासेही शक्यतो हॅचरीत जन्मलेले घ्या. क्लाउन फिशची पैदास बंदिस्त जागेत होते, समुद्रातून पकडण्याची गरज नाही. हॅचरीतला मासा टाकीतल्या खाण्याला आणि राहण्याला आधीच सरावलेला असतो.

हे काम बायका करू शकतात का, असंही कोणी विचारतं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं स्थानिक महिलांना शोभिवंत कोळंबी आणि क्लाउन फिश वाढवायला शिकवलं आणि त्या ते करतात. त्यांच्या दारात समुद्र आहे, आपल्या दारात नाही, एवढाच फरक. आपल्याला पाणी कालवावं लागेल, म्हणून आपला खर्च आणि मेहनत थोडी जास्त.

पैशाचं म्हणाल तर २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या परसात शोभिवंत मासे वाढवण्याच्या युनिटचा समावेश आहे, गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांसाठी. त्यात युनिटचा खर्च तीन लाख धरला आहे आणि महिलांसाठी ६० टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य ठेवलं आहे. मुदत आणि निकष बदलत असतात, म्हणून आधी नाशिकच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन चौकशी करा आणि लेखी माहिती घ्या. अनुदान येईल या भरवशावर आधीच टाकी विकत घेऊ नका.

आमचा सल्ला असा. ज्या गटाला यात उतरायचं आहे त्यांनी पहिला महिना मासा आणि टाकी दोन्ही विसरा. एक ड्रम, एक पंप, एक वजनकाटा, एक रिफ्रॅक्टोमीटर आणि पुडीची एक छोटी पिशवी, एवढ्यावर सुरुवात करा. प्रत्येकीनं निदान तीन वेळा वीस लिटर पाणी कालवायचं आणि तिन्ही वेळा आकडा ३५ वर आणून दाखवायचा. एकीनं केलेलं दुसरीनं मोजायचं. ज्या दिवशी कोणीही कालवलं तरी आकडा तोच येतो, त्या दिवशी तुमचा गट पुढच्या खर्चाचा ठराव घ्यायला तयार झाला. आणि महिनाभरात कंटाळा आला, जमलं नाही, तरी नुकसान एका पिशवीचं. गोड्या पाण्याच्या माशांचा धंदा त्यानंतरही करता येतो.

आता पाठ करायला सोप्या पाच गोष्टी. आरओचं पाणी, समुद्री पूड. पाण्यात पूड, पुडीवर पाणी नाही. चोवीस तास फिरवा, मग मोजा. उडालेल्या पाण्याला साधं पाणी. आणि मासा सगळ्यात शेवटी.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा भाग वाचून दाखवा. प्रश्न असतील ते वहीत लिहून गटाच्या अध्यक्षांकडे द्या, आमच्यापर्यंत पोचतील आणि पुढच्या एखाद्या भागात त्यांची उत्तरं देऊ. तोपर्यंत नमस्कार.